धवलारणीची टाच

टेबलावर पालथी झोपलेली बाई गात होती. भूल कमरेखालची, त्यामुळे गळा शाबूत. सिस्टर म्हणाली, "सर, गप्प बसवू का?" मी म्हणालो, "बसवून बघ." बाई काही गप्प बसली नाही. शेवटचे टाके मी तिच्या चालीवरच घातले.

ही भागीबाय, डोळखांबकडच्या एका गावची धवलारीण. आमच्या शहापूर-मुरबाडकडे लग्नातला एकेक विधी गाण्यातून सांगते आणि करून घेते ती धवलारीण. नव्वदच्या दशकातली गोष्ट. कुणीतरी मांडवाच्या मेढी तासून कोयता धार वर करून तसाच टाकला होता. ही गाता गाता मागे सरली आणि टाचेमागचा टेंडन तुटला. टेंडन म्हणजे स्नायूचं बळ हाडापर्यंत पोचवणारा दोर. गावात त्याला शीर म्हणतात. पोटरी कितीही दणकट असो, हा दोर तुटला की पाऊल पुढे पडत नाही. नीट जुळला नाही तर भागीबाय जन्मभर खुरडत चालणार होती.

पायाला प्लास्टर घातलं. सहा आठवडे पाय टेकायचा नाही, असं बजावलं. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या दारात ही गर्दी. सगळे लग्न ठरलेल्या मुलामुलींचे बाप.

"सायेब, बायला कदी सोडता? आमच्या पोरीची हळद हाय."

"दुसरी कुणीतरी गाईल की."

सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, जसं काही मी नवरदेवच दुसरा आणा म्हणालो. एकजण म्हणाला, "बामण उशिरा आला तरी चालल. धवलारीण नाय तर हळद कशी लागायची?"

आमचे भूलतज्ज्ञ चहा पीत हे ऐकत होते. वयाने मोठे, इंग्रजी पुस्तकांचे नादी. म्हणाले, "टेंडनला इंग्रजीत सिन्यू असाही एक शब्द आहे. पण सिन्यू म्हणजे नुसती शीर नव्हे. ज्याच्या जोरावर बाकीचा सगळा डोलारा उभा राहतो, तीसुद्धा सिन्यू. तुम्ही टाचेतली शिवलीत. ही मंडळी दुसरीसाठी आलीत."

"मला टाचेतलीच बघू द्या," मी म्हणालो आणि बाईला घरी सोडताना बापांना निक्षून सांगितलं, "पाय जमिनीला लागता कामा नये."

"नाय लागनार," सगळे एका सुरात म्हणाले. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

पंधरवड्याने वॉर्डबॉयने बातमी आणली. भागीबाय मुरबाडपर्यंत लग्नं लावत फिरतेय. माझं डोकं फिरलं. गाडी काढली आणि थेट त्या दिवशीच्या हळदीचा मांडव गाठला.

मांडवात चौघांच्या खांद्यावर बाज, बाजेवर भागीबाय, उशीवर पाय. नवरीला फेरा घालायचा असला की बाजही नवरीमागून फिरायची. पाय जमिनीला लागला नव्हता, हे मान्य करावंच लागलं. पण प्लास्टर पिवळंधमक. देवाला हळद लावली की मग धवलारणीच्या पायाला, ही तिकडची रीत. प्रत्येक घरच्या बायकांनी ती मनोभावे पाळलेली. हळदीचं पाणी मुरून मुरून प्लास्टर मऊ पडलं होतं. घोटा आत हलत होता. एक हिसका बसला असता तर सगळे टाके उसवले असते.

"बाज खाली ठेवा. गाणं बंद. आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात चला."

नवरीचे डोळे भरून आले. भागीबाय शांतपणे म्हणाली, "डागदर, हिच्या आयशीला बी मीच हळद लावली. आता हिला अर्ध्या हळदीत टाकून येऊ काय रे?"

मी चिडलो होतो. पण त्या पोरीकडे बघितलं आणि गाडीकडे वळलो. डिकीत प्लास्टरच्या पट्ट्या होत्या. नवरीच्या बापाला म्हणालो, "पाण्याची बादली आणा आणि हा पाय मी धरलाय तसा धरा. हललात तर तुम्हाला प्लास्टर घालीन."

मऊ भाग कापून मी नव्या पट्ट्या गुंडाळायला लागलो. वर गाणं सुरूच. जरा वेळाने बायका हसायला लागल्या, म्हणून कान दिला.

"डागदर बसला पायाशी गो, पायाशी,
भांडून आला घरच्या बायकोशी..."

खरंच भांडून निघालो होतो. हिला कुणी सांगितलं, देव जाणे. प्लास्टर सुकलं, हळद लागली आणि तेव्हापासून नियम ठरला, हळद दुसऱ्या पायाला.

प्लास्टर काढलं तेव्हा शीर पक्की जुळली होती. काही महिन्यांनी भागीबाय सरळ चालत हॉस्पिटलात आली. मला बरं वाटलं, खरंच फार बरं वाटलं. तिच्या मागोमाग बाजेचे ते चौघे आले, एकमेकांना धरून. कुणाचा खांदा आखडलेला, कुणाची मान वळत नव्हती.

"यांना बघा आता," ती म्हणाली. "मी बरी झाली, हे कामातून गेले."

तेव्हापासून कुणाला पाय टेकू नका म्हणून सांगताना मी आधी विचारतो, तुम्हाला उचलणार कोण? आणि त्यांनाही आत बोलावून तपासून घेतो.