बॅटरीवरची मोटार
लिहिण्याचा अधिकार नसताना लिहिते आहे, क्षमा असावी. शेजाऱ्यांची विजेवरची मोटार निःशब्द निघाली की मला पाहायला वैजापूरहून आलेले स्थळ आठवते. मुलगा मनापासून आवडला होता. “इंजिनियर हायेस, मग सांग की गाड्यांचं काही,” त्याचे वडील म्हणाले. ताशी शंभर किलोमीटरचा वेग प्रथम ओलांडणारी मोटार बॅटरीवर धावली होती, असे मी चाचरत सांगितले. “बॅटरीवर? आमच्या बॅटरीनं कांद्याचा वाफा धड दिसत नाय, पोरी!” त्यांच्याकडे बॅटरी म्हणजे हातातली विजेरी, हे मला उमगेपर्यंत त्यांचे डोळे संशयाने बारीक झाले होते. “पोरगी लई थापाडी हाय,” असा निरोप मध्यस्थाने आणला. माझ्या वडिलांनी दार लोटून हळूच विचारले, “खरंच होती का गं तशी गाडी?” तुम्ही तरी तेव्हा माझ्यावर विश्वास ठेवला असता का?