एल कासा, एल पुएर्ता

सृष्टीचा नर्सिंगचा कोर्स संपला, त्याच उन्हाळ्यात परदेशी कामाला माणसं पाठवणारा पाथरीचा भागवत पेडगावला तिच्या घरी आला. स्पेनमध्ये म्हाताऱ्या माणसांना सांभाळायला मुली पाहिजेत, म्हणाला. तिची वर्गमैत्रीण, पालमची प्रियांका, त्यानंच आधी पाठवली होती. आता तीच सृष्टीला फोनवर तिकडची भाषा शिकवणार होती.

पहिले काही रविवार हसण्यातच गेले.

"हितं नुसतं तो आन् ती. ते न्हाईच," प्रियांका म्हणाली. "तो असंल तर म्होरं एल लावायचं, ती असंल तर ला. एल लिब्रो, पुस्तक. ला मेसा, टेबल."

"आन् घर?"

"ला कासा. घर बाई हाय हितं."

"हात?"

"ला मानो. शेवटी ओ आला की बहुतेक पुरुषच असतंय, पर ह्यो शब्द फसवतो."

ऊसतोडीवरून परतलेली आई, कडूबाई, भाकरी थापता थापता ऐकायची आणि गालात हसायची. सृष्टीचं एल-ला चुकलं की प्रियांका पुढं सरकायचीच नाही. नीट जमेपर्यंत पुन्हा पुन्हा म्हणायला लावायची.

मग व्हिडिओ कॉलवर तिचा चेहरा दिसेनासा झाला. कॅमेरा बिघडला म्हणाली. सृष्टी दवाखान्यातले शब्द विचारायची, आणि ती दार, खिडकी, चावी एवढंच शिकवायची. मध्येच आवाज बारीक व्हायचा, जसं कोणी खोलीत आलंय.

जाण्याचं ठरलं तसा भागवत पासपोर्ट न्यायला आला. कडूबाईच्या मनात धाकधूक होती, म्हणून त्यानं स्वतःच्याच फोनवरून प्रियांकाला लावून दिलं आणि फोन सगळ्यांना ऐकू येईल असा मधोमध ठेवला.

"काकू, मी लय मजेत हाय. पाठवा सृष्टीला," प्रियांका म्हणाली. शब्द पाठ केल्यासारखे आले. "सृष्टी, उजळणी कर. एल कासा. एल पुएर्ता."

घर आणि दार, दोन्हींना ला लागतं; तिनं एल लावलं होतं.

"ला कासा ना गं?"

प्रियांका एकेक शब्द ठासून म्हणाली,

"न्हाई. एल कासा. एल पुएर्ता. मी कवा चुकते का?"

भागवत बशीतला चहा फुंकत होता. त्याला त्या भाषेतलं ओ की ठो कळत नव्हतं. ही चूक मुद्दाम होती, हे सृष्टीनं ओळखलं. ती सावकाश म्हणाली, "मामा, पासपोर्ट तालुक्याला झेरॉक्सला दिलाय. उद्या देते."

भागवतनं बशी ठेवली आणि तिच्याकडं रोखून पाहिलं. "उद्या मी जीप घेऊनच येतो," म्हणाला.

तो वळताच मायलेकींनी पालमची एसटी धरली. प्रियांकाचे वडील गोपाळ आधी मानायला तयार नव्हते. पोरगी तर रोज हसून बोलती, म्हणत होते. सृष्टीनं सगळं समजावलं, तेव्हा ते उठले आणि चप्पल न घालताच पोलीस ठाण्याकडं निघाले. तक्रार झाली. भागवत दुसऱ्या दिवशी आलाच नाही. घराला कुलूप लावून तो पाथरीतून गेला होता.

प्रियांकाचा नंबर तेव्हापासून बंद होता. सृष्टी आता परभणीत एका दवाखान्यात काम करते. तरी दर रविवारी तो नंबर लावून बघते. गेल्या रविवारी रिंग गेली. कोणीतरी उचलला.

"प्रियांका?"

पलीकडं एका पुरुषानं बशीतला चहा फुंकल्याचा आवाज आला. मग तो शांतपणे, अगदी इकडच्याच बोलीत म्हणाला, "सृष्टी व्हय? आता कुठं कामाला हाईस?"