छतावरची हाक

बहरीनमधल्या सलमाबादच्या आमच्या दुकानात गाडीच्या छतावर सामान बांधायचे रॅक बसवतात. मी काउंटरवर, रॅक बसवायला तुकारामकाका. वय पंचावन्न, गाव गुहागरकडचं, तोंड फटकळ. गिऱ्हाइकाच्या गळ्यात महागडी वस्तू मारणं त्यांना कधी जमलं नाही, मालक कपाळाला हात लावतो.

एक गोष्ट मात्र काकांना आतून खाते. चार वर्षांपूर्वी एका गाडीच्या छतावर काम करताना त्यांना गावाहून बायकोचे, रत्नाकाकूंचे, दोन फोन आले. काम संपल्यावर करू, म्हणून यांनी उचलले नाहीत. संध्याकाळी केला तेव्हा फोन काकांच्या भावाने घेतला. काकू गेल्या होत्या. तेव्हापासून फोन वाजला की काका पाना टाकून धावतात, मग तो बँकवाल्यांचा का असेना.

डिसेंबरात जवळच्या जनाबिया गावचे कमाल गाडी घेऊन आले. इथे कुठला आलाय बर्फ! पण दुबईला मॉलच्या आत बर्फाचा डोंगर आहे, तिथे हे कुटुंब घरचे स्की आणि स्नोबोर्ड घेऊन जाणार. छतावर आडवे बार आधीपासून होते, पण हायवेवर ते ओरडतात, पोरं कान झाकून बसतात.

"ऊपर बॉक्स लगाऊँ, या सब अंदर रख दूँ?" कमालनी विचारलं.

"अंदर मत रखो, ब्रेक मारा तो बच्चे को लगेगा," काका म्हणाले. "खुले रॅक में रेती घुसेगी. बॉक्स अच्छा है, मगर पहले आवाज ढूँढेंगे. बार का नहीं होगा, तो बॉक्स लगाके भी मफी फायदा." मफी म्हणजे इथल्या अरबीत 'नाही'.

कमालना चहा देऊन आम्ही गाडी काढली. काका चालवायला, मी मागे, आवाज कुठून येतो ते सांगायला. काटा नव्वदवर गेला आणि डोक्यावर सुरू झालं. लांबून कुणी बाई म्हणत होती, "अवोऽ". मला हसूच आलं. थोड्या वेळाने पुन्हा, "अवोऽ".

"रत्ना अशीच हाक मारायची," काका म्हणाले.

"वारा आहे काका. बारच्या खाचेत शिरतोय."

त्यांनी गाडी कडेला घेतली, दोन्ही बार सोडवले आणि माझ्या मांडीवर आडवे ठेवले. मला परत फिरावंसं वाटत होतं, पण भित्री कोण म्हणवून घेणार? शिवाय लख्ख दुपार, शेजारून सौदीचे ट्रक चाललेले. भुताला यायची ही काय वेळ?

पुन्हा नव्वद. काही नाही. मी हुश्श केलं.

"अवोऽ."

या खेपेला वरून नाही, पुढच्या रिकाम्या सीटवरून. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. आमच्याकडे म्हणतात, मेलेल्याच्या हाकेला ओ दिली की माणूस तिच्यामागे जातो. मी काकांचा खांदा घट्ट धरला.

"काका, ओ देऊ नका. पाया पडते तुमच्या!"

त्यांनी गाडी थांबवून इंजिन बंद केलं. आरशात त्यांचे डोळे भरलेले दिसले. घाबरले होते ते मी एकटीच.

"दोनदा नाही दिली गो पोरी," ते म्हणाले आणि शेजारच्या सीटकडे वळले. "ओ, रत्ना. गाडीवर चढलो होतो. हात मोकळे नव्हते."

मग काकांनी डोळे पुसून चावी फिरवली. शेजारी बसलेल्याने पट्टा लावलेला नाही, म्हणून गाडी टुंग टुंग वाजू लागली.

काकांनी हात लांब केला आणि पट्टा लावून दिला.