आमच्यात थोरली कोण

फोन वर्षाच्या विभागातल्या एका सहकारी बाईंचा होता. मी "हॅलो" म्हटलं आणि पलीकडून काही बोलणंच येईना. पुन्हा म्हटलं, तर त्या रडायलाच लागल्या. मागाहून कळलं, बातमी सांगायला त्यांनी सगळा धीर गोळा केला होता आणि कानावर पडला तो वर्षाचाच आवाज. आम्ही जुळ्या… चेहरा एक, आवाज एक. तिकडे पुण्यात चहा घेता घेता तिचं हृदय बंद पडलं, तेव्हा इकडे नांदुऱ्यात मी शाळेत जायला साडी नेसत होते. आता बरेच आठवडे झाले, पण स्वतःचा आवाज कानावर आला की मला अजून भरून येतं. शिकवताना मध्येच थांबते, आणि मुलांना वाटतं बाई पुढचं विसरल्या.

आमच्यात आधी कोण जन्मली, हे आईनं कधी सांगितलं नाही. विचारलं की म्हणायची, दोघी सारख्याच. त्यामुळे आमच्या घरात कोणी ताई झालीच नाही. गल्लीत आईच्या या विचाराचं फार कौतुक व्हायचं, ताप मात्र आम्हाला. खिडकीजवळ कोणी बसायचं, आधी कोणी न्हायचं… दोघी एकदम तोंड उघडायचो, एकदम गप्प व्हायचो, आणि निकाल म्हणून लागायचा नाही. मी चिडायची. वर्षाला त्याचं कुतूहल वाटायचं, आणि ते तिनं आयुष्यभर सोडलं नाही. पुण्याला जाऊन ती संगणकशास्त्राची प्राध्यापक झाली, ती याच प्रश्नाचं बोट धरून.

सुट्टीत आली की ती माडीवरच्या खोलीत काम करायची आणि दुपारी माझ्यासोबत तुरीच्या शेंगा सोलत बसायची. तेव्हा एकदा तिनं मला सगळं उलगडून सांगितलं. एकमेकांशी बोलणारे दोन प्रोग्राम घे, म्हणाली, हुबेहूब सारखे, वर कोणी मोठा नाही. त्यांनी आपल्यातला एक पुढारी निवडायचा. संगणकाच्या काही भाषांमध्ये प्रोग्रामला एकाच क्षणी दोन्ही गोष्टींची तयारी ठेवता येते, 'मी पुढारी' असं सांगायची आणि समोरच्याचं तसंच ऐकायचीही. जे आधी जुळेल ते घडतं, दुसरं गळून पडतं, आणि एक सांगणारा ठरतो, एक ऐकणारा. दुसऱ्या भाषांमध्ये सांगायचं की ऐकायचं, हे आधीच ठरवावं लागतं. सारखे असल्यामुळे दोघं सारखंच ठरवत राहू शकतात, म्हणून निवड होईलच याची खात्री देता येत नाही.

"दोघीबी 'मी सांगतो' म्हणून अडून बसल्या, तं आयकाले कोण राह्यलं?" ती म्हणाली. "आपलंच हाय वं हे."

पहिल्या भाषेचं बळ दुसरीत आणता येत नाही, हे यातून पक्कं सिद्ध होतं, असंही तिनं सांगितलं. मला पुरतं कळलं नव्हतं. पण बोलताना तिचे डोळे इतके लख्ख व्हायचे की मी नुसती बघत बसायची.

ती गेल्यावर तिला इथंच, नांदुऱ्याला आणलं. अंगणात तिला ठेवलेलं, आणि मी पाया पडायला वाकले तशी काकूनं माझा हात धरला. आमच्याकडे थोरलीनं धाकटीच्या पाया पडू नये, मग ती गेलेली का असेना. बायका आईकडे बघू लागल्या. बहिणीला शेवटचा नमस्कारसुद्धा मला करता येतो की नाही, असं झालं. मी आईजवळ बसले आणि म्हटलं, आतातरी सांग.

आई माझा हात कुरवाळू लागली. मग अगदी हळू बोलली, "मलेच माहीत नाही वं, बाई. पहिलीच्या पायाले काळा दोरा बांधला होता. आंघोळ घालताना वला झाला म्हणून तुह्या आत्यानं सोडून ठेवला. मंग कोणती कोण, काही समजलंच नाही. तुह्या बाबाले सांगाची हिंमत नाही झाली."

एवढंच होतं ते. समतोल नाही, विचार नाही, एक सोडलेला दोरा. वर्षाला हे कळलं असतं तर ती पोट धरून हसली असती… आणि मला हसायलाही कोणी सोबत नव्हतं. मी उठले. काकूला सांगितलं, वर्षाच थोरली. तिच्या पायांवर डोकं ठेवून मी तिला जन्मात पहिल्यांदा ताई म्हटलं. पाय थंडगार होते.

आता रोज सकाळी शाळेत निघण्याआधी मी माडी चढते. तिच्या खोलीचं दार उघडते आणि ताई म्हणते. तिच्या त्या प्रोग्रामांमध्ये एकाचं बोलणं आणि दुसऱ्याचं ऐकणं एकाच क्षणी घडायचं. ऐकणारं कोणी नसलंच तर, असं मी तिला शेंगा सोलताना विचारलं होतं. मग बोलणारा तिथंच थांबून राहतो, त्याचं पुढचं काही होत नाही, असं ती सहज सांगून गेली होती. खालून आई हाका मारते, शाळेची वेळ होऊन जाते… आणि माझं पाऊल त्या दारातून निघत नाही.