हब लॉक ठेवून बार्शीला

माझी थोरली जाऊ माढ्याजवळच्या आमच्या शेतावर राहते आणि घरचा जुना फोर-व्हील पिकअप तीच चालवते. मी सोलापुरात सात रस्त्याच्या एका ऑफिसात नोकरी करते. त्या जानेवारीत खास रजा काढून गेले होते, कारण बार्शीला जाऊबाईंच्या माहेरी त्यांच्या भाचीचं डोहाळजेवण होतं आणि आम्हाला हुरड्याची कणसं पोचवायची होती.

निघतानाच घोटाळा झाला. कॅनॉलचं पाणी शेतरस्त्यावर आलेलं. काळ्या रानात गाडी बसली ती बसलीच. जाऊबाईंनी साडी खोचली, चिखलात उतरून पुढच्या दोन्ही चाकांवरच्या गोल चकत्या फिरवल्या, म्हणजे हब लॉक केले. मग आत येऊन फोर-व्हीलचा छोटा लिव्हर ओढला. पुढची चाकंही जोर लावू लागली आणि गाडी एका दमात बाहेर!

डांबरी लागल्यावर त्यांनी लिव्हर मागं टाकला, पण गप्पांच्या नादात हब सोडायचं राहिलं. कुर्डुवाडीच्या अलीकडं पुढून घरघर यायला लागली. उतरून बघतो तर चकत्यांवर चिखल वाळून घट्ट बसलेला. दोघींनी जोर लावला. फिरेनात.

मी भावजींना, म्हणजे जाऊबाईंच्या यजमानांना, फोन लावला.

"लिव्हर टू-व्हीलवर हाय न्हवं?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"मग जावा की निवांत. थोडा आवाज करंल, डिझेल जरा जास्त खाईल. मोडत न्हाय काय."

जाऊबाई हसत सुटल्या. "आगं, हे तर जातं घरघरतंय!" आणि स्टिअरिंगवर ताल धरून त्यांनी चक्क ओवी रचली:

"गाडी बाई घरघर, वाट गं माहेराची,
भाचीला डोहाळे, घाई गं आत्याची!"

मला गाता येत नाही, तरी गायले. शेजारून चाललेल्या एसटीतल्या बाया खिडकीतून बघत होत्या. आम्हाला त्याचं काहीच वाटलं नाही.

बार्शीला पोचलो तेव्हा आमचा आवाज गल्लीत आधीच पोचला होता. सगळ्या बायका दारात. हिरव्या साडीतली भाची फुलांनी सजवलेला झोपाळा सोडून बाहेर आली.

"आत्या, मला हितं बसायचंय. झोपाळ्यावर न्हाय."

तिची सासू घाबरली. "अवो, अशा दिवसांत पिकअपमदी?"

"डोहाळाच हाय माझा," भाची म्हणाली.

मग कणसं उतरवली, मागं गाद्या टाकल्या, झोपाळ्याची झेंडूची माळ गाडीला बांधली. ओटी तिथंच भरली. जाऊबाईंनी गाडी चालू केली आणि बैलगाडीपेक्षाही हळू, गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन परत आणली. भाची हुरडा खात, येणाऱ्या-जाणाऱ्याला हात करत होती. इतकी हसली की डोळ्यातलं काजळ गालावर आलं.

ती उतरली, तर सासूबाई पदर खोचून गाडीच्या मागच्या फळीला धरून उभ्या.

"मला बी एक चक्कर मारून आणा की. पर जरा दमानं हां!"

सुनेनंच त्यांना हात देऊन वर घेतलं.