साक्षी

“कॉन्व्हेंटनी पोर शे, तिले काय समजस पोथी?” शेजारच्या अक्का माझ्या मावशीच्या कानात बोलल्या, पण मला ऐकू आलं. जळगावला मावशीकडे राहत होते तेव्हाची ही गोष्ट. आजही फिनेलच्या वासात उदबत्तीचा वास मिसळला की आठवते. मावशीचे सासरे, आबा, आतल्या खोलीत अंथरुणाला खिळले होते. दुपारी त्यांचा डोळा लागला की मावशी पोथी उघडायची आणि मी अडखळत वाचायचे. त्या दिवशी ‘साक्षी’ हा शब्द आला. मला फक्त कोर्टातली साक्ष माहीत होती. “सुखदुःख लांबून पाहतो तो साक्षी,” अक्का म्हणाल्या. मावशीने थकल्या हाताने पोथी मिटली. “बंद करू हे. सकाळीच आबांवर खेकसले. माझा आवाज मलाच परका वाटला. मला नाही जमणार.” मी तेव्हा वाचत असलेली कादंबरी मला आठवली, पण अक्कांसमोर तोंड उघडेना. मावशी पोथीला फडकं बांधू लागली, तेव्हा कुठे म्हणाले, “मावशी, माझ्या कादंबरीतली बाई आजारी नवऱ्यावर ओरडते आणि ओरडताना स्वतःलाच ऐकते. तूही ऐकलंस ना? मग ती ऐकणारीच साक्षी असेल. फडकं सोड, अजून दोन ओव्या राहिल्यात.”