पेल एल आणि कुंडलिकचं नाक

“सायेब, ह्याला बोकडाचा वास येऊन राहिला,” कुंडलिक ग्लास खाली ठेवत म्हणाला.

टेस्टिंग रूममधले बाकीचे चौघं हसले. मला हसू आलं नाही.

दोन हजार सालानंतरच्या लोडशेडिंगच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. वारंगा फाट्याजवळच्या एका छोट्या बिअर प्लांटमध्ये मी क्वालिटी हेड होतो. ग्लासात बेल्जियन पद्धतीची पेल एल नावाची बिअर होती. रंग तांबूस, वास थोडा संत्र्याचा, थोडा मिऱ्याचा. तो वास यीस्टमुळे येतो. रेसिपी माझी होती. पुण्याच्या एका हॉटेलचा खरेदीदार दोन दिवसांनी येणार होता आणि ऑर्डर मिळाली तर माझं नाव होणार होतं.

कुंडलिक बॉटलिंगला होता. गाव कनेरगाव नाक्याजवळचं, घरी शेळ्यामेंढ्या. मॅनेजरनं हौसेनं त्याला चव-वास तपासणाऱ्या पॅनलवर घेतलं. आमच्यात एक परीक्षा असते. तीन ग्लास, दोनात एकच बिअर, तिसऱ्यात वेगळी. वेगळी ओळखायची. सहा वेळांत कुंडलिकनं सहाही ओळखल्या, मी चार. पुण्यात शिकून पंधरा वर्षं हेच करणारा मी, चार! तेव्हापासून तो नुसता समोर आला तरी माझ्या पोटात दुखायचं.

मी पुन्हा ग्लास नाकाशी नेला. वास होता. यीस्ट टाकीत फार दिवस राहिलं की मरतं आणि असा वास सोडतं. आमच्या टेस्टिंगच्या फॉर्मवर ‘बोकडाचा वास’ अशी वेगळी ओळच होती. मी कधी बोकडाच्या जवळ गेलो नव्हतो, त्यामुळे त्या ओळीत आजवर शून्यच भरत आलो होतो. आणि बिअर नितळ दिसावी म्हणून ती आठवडाभर जास्त यीस्टवर ठेवणाराही मीच.

“तंबाखू खाऊन आलास?” मी विचारलं. टेस्टिंगआधी तंबाखू चालत नाही.

“न्हाई सायेब. मी खातच न्हाई. इचारा कुणालाबी.”

“मला तंबाखूचा वास येतोय,” मी म्हणालो. ते साफ खोटं होतं. त्याच्या फॉर्मवर मी ‘बाद’ लिहिलं.

“बराबर हाय. तुमी म्हणाल तसं,” म्हणून तो निघून गेला.

खरेदीदार आला तेव्हा मी ग्लास बर्फात ठेवले होते. एल इतकी गार देत नाहीत, पण गारव्यात वास दबतो. पहिला घोट त्याला आवडला. मॅनेजर खूश. तेवढ्यात लाईट गेली, एसी बंद पडला. बोलण्यात पंधरा-वीस मिनिटं गेली आणि ग्लास कोमट झाला. त्यानं दुसरा घोट घेतला, नाक मुरडलं.

“शेळ्या पाळता का इथं?”

मॅनेजर माझ्याकडे वळला. “पॅनलमध्ये कुणालाच कळलं नाही?”

पॅनलवरचे चौघं तिथंच उभे होते. थाप मारायला जागा नव्हती.

“कुंडलिकला कळलं होतं. मी त्याला बाद केलं.”

“का?”

“त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं म्हणून.”

ऑर्डर गेली. अख्खी टाकी नालीत सोडली. पॅनलचा प्रमुख कुंडलिक झाला आणि फॉर्मवरचे इंग्रजी शब्द त्याला मीच शिकवले. तेही त्यानं आठ दिवसांत पाठ केले, याचाही मला राग आला. मी रिटायर होईपर्यंत आमचा एकही माल परत आला नाही. प्रत्येक फॉर्मवर त्याच्या सहीखाली माझी सही आहे, आणि एकही मी खुशीनं केलेली नाही.